घराचा जीर्णोद्धार : मुसीकाठच्या गौलीगुड्यावरून सुचलेला विचार

देवालयाचा जीर्णोद्धार हे आपल्या समाजात मोठ्या पुण्याचे कार्य मानले गेले आहे. नवे मंदिर उभारण्यापेक्षा मोडकळीस आलेले मंदिर सावरणे अधिक श्रेयस्कर, अशी आपली जुनी समजूत आहे. सभामंडप गळू लागला, शिखरास तडा गेला, असे कळताच महाजन व भक्तगण वर्गणीची वही घेऊन बाहेर पडतात. परंतु त्याच देवळामागच्या गल्लीत ज्यांची घरे आहेत, जे नित्य काकड आरतीस येतात, त्यांच्या छपराची विचारपूस करणारी वही मात्र क्वचितच आढळते. घर स्वतःचे, पण ते सावरण्यास पैसा नाही, अशा गृहस्थासाठी शासनाने व लोकोपकारी संस्थांनी विनामूल्य साहाय्याच्या योजना काढल्या आहेत. त्या त्याच्या उंबरठ्यापर्यंत का पोहोचत नाहीत, आणि जेथे पोहोचल्या तेथे कशा पोहोचल्या, याचा इतिहास आम्ही येथे पाहू इच्छितो. आरंभ हैदराबादेतील गौलीगुड्यापासून करणे उचित होईल.

गौलीगुडा हे नावच या वस्तीचा पूर्वेतिहास सांगते. गौळी लोकांचे गुडे, म्हणजे गवळ्यांची वस्ती. मुसी नदीच्या उत्तर तीरावर, अफजलगंजाच्या शेजारी, नदीपासून हाकेच्या अंतरावर ती वसली आहे. येथील श्रीराममंदिरातून हनुमानजयंतीची शोभायात्रा निघते, ती सर्व शहरात प्रसिद्ध आहे. जवळच जामबागेत विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी १९०७ साली स्थापिलेली शाळा आहे. मराठवाड्यातून नोकरी, वकिली, व्यापार यांच्या निमित्ताने आलेल्या कुटुंबांनी या परिसरात मराठीचे एक छोटेखानी घरकुल बांधले. त्या शाळेस एक वर्ष पुरे होते न होते तोच मुसीने आपले उग्र रूप दाखविले.

१९०८ च्या सप्टेंबर महिन्याची २८ तारीख. नवरात्राचे घट बसून दोनच दिवस झाले होते. मुसलमान बांधवांचा रमजानही नुकताच लागला होता. शहराच्या वरच्या बाजूस शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच व अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस पडल्याची नोंद आहे. मुसीच्या खोऱ्यात त्या काळी ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले. एक तलाव फुटावा, त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळावे, आणि तोही फुटावा, अशी ती साखळी होती. नदीवरील पूल वाहून गेले. कुतुबशाहीतला पुराना पूल मात्र तगला. सुमारे १९,००० घरे कोसळली, ८०,००० माणसे निराश्रित झाली, आणि मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. अफजलगंजाच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसांनी आश्रय घेतला व ती वाचली. ते झाड आजही दाखविले जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची माता, पत्नी व कन्या या पुरात वाहून गेल्या.

निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले वाडे निराश्रितांसाठी खुले केले व अन्नछत्रे चालविली. पुढील वर्षी त्यांच्या सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. हा थोर स्थापत्यविशारद पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकला होता व मुंबई इलाख्याच्या सेवेत नाशिक, पुणे या भागांत वावरला होता. त्याने सल्ला दिला तो असा की, पुराचे पाणी शहराच्या वरच अडवावे. त्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर १९२० साली व तिची उपनदी ईसीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. नदीकाठी बागा झाल्या, उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले. त्याने दाट व रोगट वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी भाड्याची घरे बांधली. भारतातील नगररचनेच्या इतिहासात या कार्यास मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु या महान योजनेत एक जागा रिकामी राहिली, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. नदीसाठी धरण झाले, शहरासाठी रस्ते झाले, घर नसलेल्यांसाठी भाड्याची घरे झाली. पण ज्याचे स्वतःचे लहानसे घर होते, त्याच्या भिंतीचे काय? मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की तिचा पाया प्रथम मऊ होतो, मग ती स्वतःच्याच भाराने खचते. तिच्या बुडाशी दगडाचे उंच जोते व चुन्याचा गिलावा असेल, तर ती पुष्कळ काळ तग धरते. हे ज्ञान गवंड्यास होते. उणीव होती ती पैशाची. ती त्या त्या घरधन्यावर सोडण्यात आली, आणि पुढील शंभर वर्षे बहुतांशी तशीच राहिली.

पूर्वी ही उणीव काही अंशी रूढीने भरून निघे. आमच्या कोकणी वाचकांस शाकारणी ठाऊक आहे. मृगापूर्वी कौले उतरवून, फुटकी बाजूस काढून, वासे तपासून छप्पर पुन्हा शाकारावयाचे, आणि आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी, असे शेजाऱ्यांनी एकमेकांस हात द्यावयाचे. मराठवाड्यात माळवदाची घरे असत. लाकडाच्या पटईवर पांढऱ्या मातीचा जाड थर, उन्हाळ्यात आत गारवा, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरून ती चोपण्याचा वार्षिक परिपाठ. घर दरवर्षी थोडे थोडे सावरावयाचे असते, हे तत्त्व त्यात होते. पुढे कौले व माळवद यांच्या जागी सिमेंटचा पत्रा व काँक्रीटची गच्ची आली. या छपरांना देखभाल लागत नाही, असा समज पसरला व एकमेकांस हात देण्याची चालही त्याबरोबर गेली. देखभालीवाचून काहीच टिकत नाही, याचे मोठे उदाहरण गौलीगुड्यातच घडले. निजामाच्या काळापासून उभे असलेले, पुष्कळ वर्षे शहराचे बसस्थानक म्हणून वापरलेले लोखंडी पत्र्यांचे प्रचंड छत ५ जुलै २०१८ रोजी सकाळी कोसळले. सुदैवाने त्याखाली कोणी सापडले नाही.

शासनाने आपल्या खर्चाने गरिबाचे स्वतःचे घर बळकट करावे, असा मोठा प्रयोग मराठी मुलखात झाला, तो लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत. हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि गौलीगुड्यातील अनेक घराण्यांची मुळे तिकडच्या प्रदेशात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. धक्का मध्यम प्रतीचा होता. जीव घेतला तो घरांनी. भिंती जाड दगडांच्या, पण मातीत रचलेल्या व दोन्ही पदर एकमेकांस न बांधलेल्या. वर दरवर्षी नवी माती पडून पडून जड झालेले माळवद. ज्या थराने उन्हापासून राखले, त्याच थराने झोपलेल्यांस गाडले.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम आखला, त्याचे दोन भाग होते. अगदी उद्ध्वस्त झालेली सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसविण्यात आली. दुसरा भाग आमच्या विषयाचा आहे. ज्यांची घरे अंशतः पडली होती अशा पावणेदोन लाखांहून अधिक कुटुंबांस, नुकसानीच्या मानाने १७,००० ते ३४,००० रुपये अनुदान हप्त्याहप्त्याने देऊन, घर त्यांनी स्वतः दुरुस्त व बळकट करावे असे ठरले. उपाय साधे होते. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावेत, दारे-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधावा, माळवदाची जादा माती उतरवावी, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे टेकू द्यावेत.

पैसा होता, तंत्र होते, अभियंते होते. तरी आरंभी काम रेंगाळले. कोणास किती रक्कम, पुढील हप्ता केव्हा, कोणती खूण कोणत्या नोंदवहीत, हे गावकऱ्यांस कळेना. जुन्या भिंतीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने हजारांहून अधिक गावांतील महिला मंडळांवर 'संवाद सहायक' म्हणून जबाबदारी सोपविण्यात आली. या स्त्रिया अभियंत्याचे म्हणणे घरोघर समजावून सांगत, बांधकाम पाहत, अडलेली प्रकरणे तालुक्यास नेत. ज्यांनी आजवर सरकारी कार्यालयाची पायरी चढली नव्हती, त्यांनी पट्टा कोठे असावा व सळई किती जाड असावी हे शिकून घेतले. काम पुढे सरकले ते यानंतर. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ कुटुंबांनी जुने घर बळकट न करता त्या रकमेत एक नवी भक्कम खोली बांधली व जुन्या भिंती तशाच ठेवल्या. भयभीत माणसाचा तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण साहाय्य देणाऱ्याने घरधन्याची शंका आधी ऐकून घ्यावी, हाही त्यातला धडा आहे.

आता पुन्हा मुसीकाठी येऊ. धरणे झाल्यावर पूर ही इतिहासजमा गोष्ट झाली, असे शहरास वाटू लागले होते. २४ ऑगस्ट २००० रोजी एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बेगमपेठेत सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. शासनाने प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबास १०,००० रुपये, अंशतः पडलेल्या घरास ५०,००० व पूर्ण पडलेल्या घरास एक लाख रुपये जाहीर केले. पुढे अर्जासाठी 'मीसेवा' केंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या, आणि महानगरपालिकेच्या निवडणुकीमुळे १८ नोव्हेंबरला निवडणूक आयोगाच्या आदेशाने वाटप थांबले. ज्याला रांगेत उभे राहता आले, ज्याच्या हाताशी कागद होते, त्याला लवकर मिळाले. २०२५ च्या सप्टेंबरात, पुन्हा नवरात्रातच, दोन्ही जलाशयांची दारे उघडावी लागली व २७ तारखेस गौलीगुड्यालगतचे महात्मा गांधी बसस्थानक पाण्याखाली गेले. १९०८ च्या पुराशी त्याची तुलना होणार नाही. परंतु नदी आपला जुना मार्ग विसरलेली नाही, एवढे तिने दाखविले.

पाण्यापेक्षा अधिक संथपणे, पण दरवर्षी येणारे संकट उन्हाचे आहे. पत्र्याखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते; काँक्रीटची गच्ची दिवसभर ऊन पिते व रात्री ते आत सोडते. वृद्ध, तान्ही मुले, घरी बसून विडी वळणाऱ्या वा शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया यांस त्याचा त्रास सर्वांत अधिक. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्या नगरीने २०१३ साली उष्माघातनिवारणाची योजना आखली व २०१७ साली गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छपरांना पांढरा चुना दिला. त्याच सुमारास हैदराबादेत देवरकोंडा बस्तीतील २५ घरांच्या छपरांवर पांढरे आच्छादन विनामूल्य घालून पाहण्यात आले. तेव्हा खोलीतील हवा सरासरी दोन अंशांनी थंड राहिली. दोन अंश ऐकावयास थोडे वाटतात. ज्याला रात्री झोप लागत नाही, त्यास ते थोडे नाहीत. यातले शास्त्र आपल्या आजीलाही ठाऊक होते. पांढरा पृष्ठभाग सूर्याचे बहुतेक तेज परत फेकतो, काळा ते पोटात घेतो.

तेलंगण शासनाने एप्रिल २०२३ मध्ये शीतछप्पर धोरण जाहीर केले. पाच वर्षांत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छप्पर असे करावे, त्यातले २०० हैदराबाद परिसरात असावे, असा संकल्प त्यात आहे. खर्च प्रतिचौरस मीटर सुमारे ३०० रुपये सांगितला गेला. सरकारी व व्यापारी इमारतींस, तसेच ६०० चौरस यार्ड व त्याहून मोठ्या जागेवरील निवासी इमारतींस ते बंधनकारक आहे. त्याहून लहान घरांस ऐच्छिक. आता गौलीगुड्याच्या गल्लीतले घर पाहा. त्याचे छप्पर फार तर ४० चौरस मीटरांचे. खर्च १२,००० रुपये. ज्या घरात उन्हाचा ताप सर्वांत अधिक, तेथे धोरण ऐच्छिक आहे; आणि ज्याच्या महिन्याच्या मिळकतीत बारा हजार सहज निघत नाहीत, त्याची इच्छा काय कामाची? अशा घरांस साहाय्य विनामूल्य मिळाले पाहिजे, आणि ते त्याच्या दारी गेले पाहिजे.

येथे कागदाचा प्रश्न येतो. पंतप्रधान आवास योजनेच्या नागरी भागात २०१५ पासून स्वतःच्या जागेवर घर बांधण्यास वा वाढविण्यास केंद्राकडून दीड लाख रुपये मिळत आले. तेलंगणाच्या इंदिरम्मा योजनेत मार्च २०२४ पासून स्वतःची जागा असलेल्यास पाच लाख रुपयांची तरतूद झाली. दोन्हींत प्रथम पुरावा लागतो तो जागेच्या मालकीचा. जुन्या वस्तीतले घर मात्र पुष्कळदा पणजोबांच्या नावावर असते. वाटणी तोंडी झालेली, एक भाऊ नांदेडास, दुसरा पुण्यास, बहिणीची सही राहिलेली. घरात चार पिढ्या नांदल्या; सरकारदरबारी मात्र त्या घरास धनी नाही. ही अडचण केवळ आपली नव्हे. अमेरिकेत २००५ च्या कतरीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या अनेक गरीब कुटुंबांस घरबांधणीचे साहाय्य मिळण्यास हाच अडथळा आला. घर आजोबांचे, वारसांच्या नोंदी नाहीत. त्या देशाच्या आपत्तिनिवारण खात्याने २०२१ साली नियम सैल केले व अन्य कागदपत्रे, वेळप्रसंगी घरधन्याचे स्वतःचे लेखी प्रतिज्ञापनही ग्राह्य धरले. सोळा वर्षे लागली, पण नियम बदलता येतो हे सिद्ध झाले.

दोन कठीण गोष्टी सांगितल्यावाचून हा विचार प्रामाणिक होणार नाही. पहिली, प्रत्येक घर सावरण्याजोगे नसते. मुसीच्या प्रत्यक्ष पात्रात जी घरे आहेत, त्यांचे जोते कितीही उंच केले तरी नदी एक दिवस येणारच. २०२४ साली शासनाने अशा घरांवर खुणा करून तेथील कुटुंबांस दोन शयनगृहांच्या सरकारी घरांत हलविण्यास आरंभ केला, तेव्हा मोठा क्षोभ झाला. हलविणे अटळ असेल तेथेही मुलांची शाळा, कमावत्याचे काम व कुटुंबाची संमती यांचा विचार आधी झाला पाहिजे. रंगाची खूण प्रथम व बोलणे नंतर, हा क्रम उलटा आहे. दुसरी गोष्ट भाडेकऱ्याची. घर विनामूल्य सुधारले म्हणून मालकाने भाडे वाढविले, तर साहाय्याचा हेतू फसतो. साहाय्य देतानाच ठरावीक काळ भाडे न वाढविण्याचे लेखी वचन घेणे हा त्यावर सरळ उपाय आहे.

आता देवस्थानांचे काम. १९०८ च्या पुरानंतरची धरणे राज्याने बांधली. ते मंदिराचे काम नव्हते. किल्लारीत जी उणीव महिला मंडळांनी भरून काढली, ती मात्र देवालयाच्या समितीस सहज भरून काढता येईल. कारण परिसरातील कोणत्या घरात एकटी वृद्धा राहते, कोणाचा पत्रा गळतो, कोणाचे भाऊ कोठे आहेत, हे मंदिरात सर्वांस ठाऊक असते. समितीने एक वही करावी. तीत प्रत्येक गरजू घराचे छप्पर कशाचे, जोते किती उंच, मागील पुरात पाणी कोठवर आले, वीजमापक कोणत्या उंचीवर, घरपट्टी कोणाच्या नावे, हे लिहावे. भक्तांपैकी जे वकील आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार वारसनोंदी व नामांतर यांचे अर्ज लिहून द्यावेत. जे स्थापत्याचे जाणकार आहेत त्यांनी कोणत्या घरास चुना पुरेल, कोणत्यास गिलावा हवा, कोणत्याचे विजेचे फलक वर सरकवावेत, हे पाहून सांगावे. योजना निघेल तेव्हा अर्ज तयार असतील. रांगेत उभे राहण्याचे त्राण नसलेल्याच्या वतीने कोणी तरी जाईल.

आणि काही कामे योजनेची वाट न पाहता होण्यासारखी आहेत. फाल्गुनात, पाडव्यापूर्वी, गल्लीतल्या तरुणांनी पत्र्यांना व गच्च्यांना चुन्याचे हात द्यावेत. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून हे दरवर्षी करावे लागेल. पत्र्यावर चढताना पाय पत्र्यावर न ठेवता आडवी फळी टाकावी. जुना सिमेंटचा पत्रा तडकतो व माणूस खाली येतो. त्यास घासू नये वा भोके पाडू नयेत, कारण त्यातील तंतूंची धूळ छातीस अपायकारक आहे. मृगापूर्वी परनाळी व गटारे मोकळी करावीत. जुनी शाकारणी गेली. तिच्या जागी ही नवी चाल पडू शकेल.

धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई ही आपल्या पूर्वजांनी काळाची गरज ओळखून घातलेली दानाची रूपे होत. वाटसरूस छाया हवी होती, म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेस वड लावले. आज छायेची गरज घराच्या आत आहे. येत्या उत्सवाच्या जमाखर्चात मंदिराच्या रंगकामाशेजारी, परिसरातील दहा घरांच्या छपरांसाठी एक रकाना आखला जावा, आणि पुढील वर्षीच्या अहवालात त्या दहा घरांचे काय झाले ते छापले जावे, एवढीच आमची देवस्थानांच्या विश्वस्तांस विनंती आहे.